बोरीच्या बहरात गूळ

कतारला येऊन मला अठरा वर्षं झाली. सुरुवातीला इथल्या उन्हाचा कंटाळा यायचा, मग मॉलचा, मग त्याच त्या चार घरांतल्या हळदीकुंकवांचा. आता कंटाळ्याचाही कंटाळा आलाय. आमचे हे गॅसच्या कंपनीत. सकाळी सहाला घर सोडतात, चारला येतात आणि सोफ्यावर बसून ‘दमलो गं’ म्हणतात. मीही दमलेली असते, पण कशानं दमले ते सांगता येत नाही, म्हणून म्हणत नाही. लेक शिकायला हॉलंडला गेली त्याला तीन वर्षं झाली. फोनवर मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचंही भागतं.

गेली बारा-तेरा वर्षं आम्ही अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये राहतोय. सगळी घरं एकसारखी, त्यातलं आमचं अगदी शेवटचं. मागे चटईएवढं अंगण. तिथे कपडे वाळत घालायची दोरी आणि एसीची दोन घरघरती यंत्रं. अंगणाच्या भिंतीत गजांचं एक फाटक आहे, पूर्वी कधीतरी माळ्यांसाठी ठेवलेलं. फाटकापलीकडे एका कतारी घराण्याची मोकळी जागा, आणि त्या जागेत आठ बोरी. अरबीत त्यांना सिद्र म्हणतात, पण मी लहानपणापासून बोरीचे काटे काढत आलेली बाई, मला नाव कशाला सांगायला पाहिजे. त्या झाडांखाली निळ्या रंगाच्या सहा पेट्या होत्या. मी त्या कैक वर्षं बघत होते, पण मला वाटायचं मीटरचे डबे असतील. आता बोला!

गेल्या वर्षी ऑगस्टात एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बादलीच्या काठावर मधमाश्या दिसल्या. पहिल्यांदा मी ओरडलेच. मग कळलं की त्या पाणी प्यायला येतायत. इथल्या ऑगस्टात बाहेर पाय ठेवला तर चप्पल चटका देते, त्यात ह्या एवढ्याशा जीवांनी पाणी शोधायचं तरी कुठं? तिघी-चौघी बादलीत बुडून मेल्या होत्या. मला काही ते बघवेना. मी घरातली जुनी परात काढली, कुंडीतले गोटे तिच्यात मांडले, वर बोटभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी गोट्यांवर रांग लागली.

आठवड्याभरानं फाटकापाशी एक म्हातारा उभा. उंच, पाठीत थोडा वाकलेला, मेंदी लावलेली दाढी. म्हणाला, “बाजी, पानी आपने रखा? बड़ा सवाब का काम किया.” सवाब म्हणजे पुण्य, आणि मोठ्या बहिणीला त्यांच्याकडे बाजी म्हणतात. वयानं माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा माणूस, पण मलाच थोरली करून मोकळा झाला. मग मीही त्याला चाचा केलं. तो पाकिस्तानातल्या डोंगराळ मुलखातला पठाण. बावीस वर्षं ह्या घराण्याकडे होता आणि त्या पेट्या सांभाळायचा. जागेच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत राहायचा.

तेव्हापासून रोज सकाळी पाच-दहा मिनिटं फाटकाच्या दोन बाजूंनी आमचं बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे काय, तो माश्यांचं सांगायचा आणि मी ऐकायची. एकदा मी त्याला सुपरमार्केटातून आणलेली मधाची बाटली दाखवली. बाटलीवर पांढऱ्या फुलांच्या घोसाचं चित्र होतं. चाचानं चष्मा पुसला आणि चित्र अगदी डोळ्यांजवळ नेलं. म्हणाला, “ये तो हमारा विलायती कीकर है!” त्यांच्या गावाला त्या झाडाचं बनच होतं म्हणे. शेवग्याच्या फुलांसारखे पांढरे घोस, पण द्राक्षांसारखे खाली लोंबणारे. वसंतात दहा-बारा दिवसच फुलायचं. त्या दिवसांत पाऊस आला तर सगळं खलास, नाही आला तर पेट्या उचलवत नसत एवढा मध. रंग पाण्यासारखा, आणि वर्ष झालं तरी बाटलीत साखर धरत नाही. बहरात त्या बनात कोणी फांदी तोडायची नाही, झाडाखाली धूर करायचा नाही, असा गावचा रिवाज. चाचाचा बाप त्या दिवसांत झाडांखालीच झोपायचा.

“आता?” मी विचारलं.

“अब सड़क है,” तो म्हणाला. झाडं रस्त्यात गेली, भाऊ गेले, पेट्या विकल्या. मुलगा कराचीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. परत गेलं तर तिथं खिडकीत बसायचं.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. जागेचा म्हातारा मालक वर्षापूर्वी वारला होता. पेट्या त्याच्या हौसेच्या. मुलाला जागा साफ करून पाहुण्यांसाठी बैठक बांधायची होती. पण बापाच्या आठवणीखातर त्यानं एक वर्ष दिलं होतं. ह्या मोसमाचा मध प्रयोगशाळेत पाठवायचा. पूर्वीसारखा अस्सल सिद्रचा निघाला तर पेट्या राहतील, झाडं राहतील आणि चाचाही राहील. नाही निघाला तर कशाला ठेवायचं? “बस ये एक फूल अच्छा निकल जाए, बाजी,” चाचा म्हणाला. मी म्हटलं, इन्शाल्ला. अठरा वर्षांत हा शब्द मी हजारदा वापरला असेल, पण मनापासून बहुतेक तेव्हाच.

सप्टेंबर सरता सरता बोरी फुलल्या. खरं सांगायचं तर बोरीला फूल येतं हे मी पन्नाशीपर्यंत पाहिलंच नव्हतं. बोरं खायची माहीत. फूल म्हणजे काय, तर पानाच्या बगलेत हिरवट पिवळे चांदणीएवढे ठिपके, कोण बघणार? पण वास असा सुटतो की दुपारी कपडे काढायला गेले तरी जाणवायचा, थोडा उग्र, थोडा गोड. माश्या पहाटेपासून कामाला लागायच्या. फाटकाजवळ उभं राहिलं की अख्खं झाड गुणगुणताना ऐकू यायचं. चाचा तर पोरीचं लग्न काढलेल्या बापासारखा इकडून तिकडे फिरत होता.

तेव्हाच एकदा त्यानं सांगितलं की बहरात माशी फार जगत नाही. एरवीपेक्षा लवकर मरते, कारण कामच एवढं असतं. पंख झिजून फाटतात. मग एक दिवस बाहेर जाते ती परत येत नाही.

हे ऐकून माझं काय बिघडलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी परातीपाशी बसून बघायला लागले तर खरंच की, एकीचे पंख कडेनं विरलेले, जुन्या साडीचा पदर विरतो तसे. गोट्यावर बसून ती नुसती धापा टाकत होती. मला इतकं वाईट वाटलं! मनात आलं, अगं, किती दमतेस. कोणासाठी एवढी?

मी कोल्हापूरकडची. आमच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे नुसतं पाणी देत नाहीत, आधी हातावर गुळाचा खडा ठेवतात, मग तांब्या पुढे करतात. नुसतं पाणी दिलं तर आई आमच्या पाठीत धपाटा घालायची. आणि गुऱ्हाळावर मधमाश्या तर कायमच असायच्या, रस आटवायच्या काहिलीच्या भोवती, ढेपांवर, उसाच्या चिपाडावर. एकही मेलेली आठवत नाही. इकडे घरात चार ढेपा पडून होत्या. मी दरवर्षी गावाहून बॅगेतून आणायची, आणि ह्यांना शुगर निघाल्यापासून त्या डब्यातनं कोणी बाहेर काढल्या नव्हत्या. मी मुठीएवढा गूळ पाण्यात विरघळवला आणि परातीत ओतला.

काय सांगू! अर्ध्या तासात परात दिसेना. मला हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी माझ्या हातचं कोणी एवढं आवडीनं खात होतं. मी म्हटलं, या गं बायांनो, पोटभर घ्या.

तिसऱ्याच दिवशी चाचा फाटकाशी आला. नेहमीसारखा हसत नव्हता. म्हणाला, “बाजी, मीठा मत रखो. पानी रखो, जितना मर्ज़ी.” मी विचारलं का. तर म्हणाला, दारात आयतं गोड मिळालं तर माशी फुलावर कशाला जाईल? तेच पेटीत नेऊन भरेल. शिवाय गुळानं तिचं पोट बिघडतं. सिद्र फुलला असताना गोड अजिबात नको.

तो वाकडं काही बोलला नव्हता. पण माझा स्वभाव आडवा. कोणी माझ्या हातच्या खाण्याला नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, “चाचा, गुड़ है, ज़हर नहीं है! हमारे गाँव में मैंने पूरा बचपन देखा है.” तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग “जी बाजी” म्हणून गेला. गाढवाला गुळाची चव काय, असं मी त्याच्या पाठीमागे पुटपुटले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन दिवस मी गूळ घातला नाही. पण माश्या यायच्या. नुसत्या पाण्याच्या परातीवर घिरट्या घालायच्या, कडेला चाटून बघायच्या. ते दोन दिवस मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. ह्यांच्याशी ‘जेवायला वाढू का’ एवढंच. तिसऱ्या दिवशी मी परात उचलली आणि एसीच्या यंत्रामागे ठेवली, फाटकातून दिसणार नाही अशी. आणि गूळ ओतला. चाचाला कळणार नाही असं बघून ओतला, हे मी आज लपवत नाही. थोडासाच तर आहे, ह्यांच्या वाटणीचा, ह्यानं काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली. थोडासा थोडासा करत बहर संपेपर्यंत चारही ढेपा संपल्या.

पुढं पेट्यांच्या तोंडाशी तपकिरी ठिपके दिसायला लागले. माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवरही पडले. ते माश्यांच्या बिघडलेल्या पोटाचे होते हे मला नंतर कळलं. चाचा रोज सकाळी सलाम करायचा, बोलायचा, पण गुळाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

नोव्हेंबरच्या शेवटी मध काढला. त्यानं मला एक वाटीभर आणून दिला. मी चाटला, आणि जिभेला ओळखीचं काहीतरी लागलं. मागाहून येणारी ती किंचित खारट, काहिलीची चव. दुसऱ्या कोणाला कळली नसती. मी गुऱ्हाळवाल्याची पोर, मला कळली. वाटी हातात तशीच राहिली. चाचा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “कैसा है?” मी म्हटलं, “अच्छा है.” करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण ते त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

प्रयोगशाळेचा कागद पंधरा दिवसांनी आला. मी दोरीवर चादर घालत होते तेव्हा मालकाचा मुलगा पलीकडे येऊन उभा राहिला. तिशीचा, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, आवाज अगदी मऊ. चिडलेला नव्हता, उलट थोडा दुःखीच वाटला. “शुगर दिया तुम?” त्यानं विचारलं.

“हाँ,” चाचा म्हणाला. “मैंने दिया.”

“बाबा के टाइम में तो कभी नहीं दिया.”

“बूढ़ा हो गया हूँ.”

मुलानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. “खलास,” म्हणाला. मग चाचाच्या खांद्यावर हात ठेवून अरबीत काहीतरी बोलला आणि गेला.

मी चादरीच्या ह्या बाजूला. फाटक चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं, ‘उसने नहीं, मैंने.’ तीन शब्द. चादरीतनं पाणी ठिबकत होतं, माझी पावलं ओली झाली, पण जागची हलले नाही. मी भित्री आहे. परका देश, परक्याची जागा, कंपाउंडवाले काय म्हणतील, ह्यांच्या कंपनीपर्यंत गेलं तर, असं सगळं एका क्षणात डोक्यात आलं.

चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “तुझा काय संबंध? आता ते मिटलंय ना? उगाच हात दाखवून अवलक्षण करू नकोस.” ह्यांचं तरी काय चुकलं म्हणा. अठरा वर्षं आम्ही असेच राहिलोय. संबंध नाही, संबंध नाही म्हणत.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला पिकअप आली. दोन माणसं उतरली आणि पेट्या उचलायला लागली. चाचा त्यांना विनवत होता, संध्याकाळपर्यंत थांबा, आत्ता अर्ध्या माश्या बाहेर गेल्यात. पण त्यांना पुढे दुसरं काम होतं. “यल्ला, यल्ला,” अशी घाई करत त्यांनी पेट्यांची तोंडं बंद केली आणि सहाच्या सहा गाडीत चढवल्या. कुठल्याशा शेतावर नेणार होते, आणि जाता जाता चाचाला शहरात सोडणार होते. ते दोरखंड आवळत होते तोवर बाहेर गेलेल्या माश्या परतायला लागल्या. पेट्यांच्या जागी मातीवर सहा चौकोन उरले होते. माश्या त्या चौकोनांवर उतरायच्या, फिरायच्या, उडायच्या, परत उतरायच्या.

मला राहवेना. मी फाटकाची कडी ओढली. गंजली होती, बोट सोलून निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाजूला गेले. चाचा एका उलट्या डब्यावर बसला होता. शेजारी एक बॅग, दोरीनं बांधलेली. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं.

मी म्हटलं, “चाचा, मालिक का नंबर दो. मैं अभी बात करती हूँ. गुड़ मैंने डाला. आपने मना किया था, फिर भी डाला. छुपाके डाला.” बोलता बोलता मी रडायलाच लागले. एवढी मोठी बाई, भर उन्हात, परक्या माणसासमोर.

तो म्हणाला, “मुझे पता था, बाजी.”

“क्या पता था?”

“मशीन के पीछे रखती थीं. दूसरे हफ़्ते से पता था. छत्ते में से बू आती थी गुड़ की.”

मला एकदम संताप आला, त्याचाच. “तो फिर बोला क्यों नहीं? एक बार आके चिल्लाना था ना मेरे ऊपर! मैं बंद कर देती!” खरंच केलं असतं. तो ओरडला असता तर मी चार दिवस फुगले असते, पण बंद केलं असतं.

चाचानं माझ्या घराकडे बोट केलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे. म्हणाला, “बारह साल से ये दरवाज़ा देखता हूँ. कपड़े डाले, बंद. महीनों बंद. इस साल रोज़ सुबह खुलने लगा. आप बाहर आके बैठती थीं, हँसती थीं.” मग दाढीवरून हात फिरवत म्हणाला, “मैंने सोचा, बोलूँगा तो फिर बंद हो जाएगा. सोचा, थोड़े से गुड़ से क्या होता है. मालिक को झूठ नहीं बोला, बाजी. मैंने ही खिलाया.”

पिकअपवाल्यानं हॉर्न दिला. चाचा उठला, बॅग उचलली. मी पुन्हा नंबर मागितला. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि गाडीत पुढे जाऊन बसला. पेट्या त्याच्या मागे होत्या, बंद.

गाडी वळेपर्यंत मी तिथं उभी होते. ह्या देशात माझ्याकडे एवढं लक्ष कोणाचं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याचं मी सगळं घालवलं. मग घरात आले. हात धुतला, सोललेल्या बोटाला हळद लावली, कुकर लावला.

चार वाजता हे आले. “अगं, हे काय, मागचं दार सताड उघडं! सगळी धूळ आत येतीय,” म्हणत लावायला निघाले.

मी म्हटलं, “राहू दे. लावू नका.”